गुळण्यांचं पाणी

सकाळी उठल्यावर पापण्या जड होतात, संध्याकाळी वहाणा पायांत शिरत नाहीत आणि नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो, अशा माणसांसाठी मी हे लिहायला घेतलं आहे. मला हा आजार होऊन गेला त्याला दहा-अकरा वर्षं झाली. मी वाचलो. वाचलेल्यानं मागून येणाऱ्यांना चार शब्द सांगावेत हे बरं, आणि मी पडलो शाळामास्तर, मला सांगायची खोडच आहे. औषधांची माहिती ज्यांना हवी त्यांनी डॉक्टरांकडे जावं. मला सांगायचं आहे ते मी कसा वागलो ते. ते सांगताना आजही माझे कान तापतात.

*

आमगावच्या अलीकडे एका खेड्यात मी हेडमास्तर होतो. हेडमास्तर म्हणजे दोन मास्तरांपैकी वयानं मोठा. घरी आई, मी आणि माझी बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आईच्या लेखी सुनेची बाजू आधीच लंगडी होती.

देशात मिठाचा कायदा मोडला गेला, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात माझा घसा धरला. ताप आला, गेला. मी हळद-दूध पिऊन शाळेत जात राहिलो. तीन आठवड्यांनी एके सकाळी बायको माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "तुमचं तोंड असं काऊन दिसून राहिलं जी? गांधीलमाशी चावली का?" आरशात पाहिलं तर डोळ्यांच्या जागी दोन चिरा. चार दिवसांत सूज पायांवर उतरली, आठवड्यात पोटावर. लघवी थोडी आणि चहासारखी लाल.

गावच्या वैद्यांनी हात टेकले तेव्हा आम्ही गाडीनं गोंदियाला गेलो. सोबत बाटलीत माझी लघवी, बायकोनं पदराखाली धरलेली. डब्यात एका बाईनं "काय हाय वो त्याच्यात? काढा हाय का?" म्हणून विचारलं आणि बायको "हो" म्हणाली. त्या वेळी मला हसू आलं होतं. ते शेवटचं हसू.

दवाखान्यातले डॉक्टर बंगाली होते. रेल्वेमुळे गोंदियात तेव्हा बंगाली माणसं बरीच होती आणि सगळ्यांशी हिंदीत बोलत. त्यांनी ती बाटली घेतली, थोडी लघवी काचेच्या नळीत ओतली आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पाहता पाहता वरचा भाग पांढरा, घट्ट झाला. अंड्यातलं पांढरं तव्यावर पडल्यावर होतं तसा.

"देखिए मास्टरजी," डॉक्टर म्हणाले, "ये आप का खून का सत्त है. बाहर जा रहा है."

माझ्या अंगात जे टिकून राहायला हवं ते वाहून जात होतं, आणि ते असं दिव्यावर शिजताना मी पाहत होतो. बायकोनं विचारलं, "वाचतीन ना जी?" डॉक्टरांनी नळी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "नमक बंद. एकदम बंद. फिर देखेंगे." एवढंच. हो म्हणाले नाहीत.

*

दवाखान्यात जेवण मिळत नसे. रोग्याच्या माणसांनी मागच्या पडवीत चूल मांडायची आणि आपलं आपण रांधायचं. बायकोनं तिथं तीन दगड मांडले. आई महिनाभरासाठी म्हणून आली ती शेवटपर्यंत राहिली. ती माझ्या खाटेशी बसे आणि दर सोमवारी नागऱ्याच्या महादेवाला जाऊन येई. माझी खाट खिडकीशी होती. रात्रपाळीचा एक छत्तीसगडी नोकर न सांगता माझ्या पायांखाली घोंगडीची वळकटी सरकवून जायचा, त्यानं पाय हलके वाटत. त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही, हीही एक लाजच.

माणूस तोलायचा काटा दवाखान्यात नव्हता. तो होता शेजारच्या धानाच्या गिरणीत. डॉक्टरांनी गिरणीमालकाला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे रोज सकाळी मी धोतर सावरत गिरणीत जायचो आणि पोत्यांच्या जागी उभा राहायचो. काट्यावरचा माणूस साऱ्या हमालांना ऐकू जाईल असं ओरडून वजन सांगायचा. मूळचा मी दीड मणाचा सडपातळ माणूस, तिथं पावणेदोन मणांच्या वर गेलो होतो. ते वाढलेलं सगळं पाणी होतं.

आणि जेवण! भात, लाखोरीची डाळ, दूध, उकडलेली भाजी, मिठाचा कण नाही. ज्यांना हे पथ्य नव्यानं मिळालं असेल त्यांना सांगतो, पहिले आठ दिवस अन्न अन्न वाटतच नाही. ओला कापूस चावल्यासारखं वाटतं. शेजारच्या चुलीवर कुणी सुकी मासोळी भाजली की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, खरोखरचं पाणी. बायको आपल्या परीनं धडपडायची. कधी लिंबू पिळे, कधी आल्याचा कीस, कधी भाजलेलं जिरं चुरडून टाके. त्यानं थोडा फरक पडतो. तुम्हीही करून पाहा.

दहाव्या दिवशी मी ताट भिरकावलं. डाळ तिच्या लुगड्यावर सांडली. "हे गुरांना घाल," असं मी म्हणालो. पाच-सहा रोगी आणि त्यांची माणसं पाहत होती. तिनं भात वेचला, फरशी पुसली आणि अर्ध्या तासानं परत दुसरं ताट आणलं. त्या ताटात लिंबाची फोड जास्त होती.

*

माझा संताप डॉक्टरांच्या कानावर गेला असावा. दुसऱ्या दिवशी ते दोन अंडी घेऊन माझ्या खाटेपाशी आले. अंडी त्यांनी आंबट सिरक्यात ठेवून वरची टरफलं विरघळवली होती. आत राहिलेला पापुद्रा इतका पातळ होता, की उजेडात धरल्यावर पिवळा बलक हलताना दिसे. त्यांनी एक अंडं साध्या पाण्याच्या भांड्यात सोडलं, दुसरं मिठाच्या पाण्यात. "आप मास्टर हैं, कल मुझे बताइए," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यातलं अंडं टम्म फुगलं होतं. मिठाच्या पाण्यातलं सुरकुतलं होतं, कातडी लोंबत होती. पाण्यात टाकलेली मनुका फुगते हे मी मुलांना दर वर्षी पुस्तकातून शिकवत आलो होतो. पण पुस्तकातला धडा आपल्याच पोटरीत भरलेला आहे हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपलं सगळं अंग न दिसणाऱ्या बारीक पिशव्यांचं बनलेलं आहे. त्यांना पेशी म्हणायचं. प्रत्येक पेशीला असाच पापुद्रा असतो, अंड्याच्या पापुद्र्याच्या हजारो पट पातळ. तिकडच्या विद्वानांचं म्हणणं, की तो तेलकट आहे आणि बहुधा दुपदरी. त्यातून पाणी हवं तसं ये-जा करतं. मिठाला मात्र तो सहज आत घेत नाही. म्हणून खाल्लेलं मीठ पेशींच्या बाहेर, त्यांच्यामधल्या जागेत थांबतं. आणि मीठ जिथं थांबेल तिथं पाणी त्याच्यामागे येऊन थांबतं. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं जादा मीठ बाहेर टाकतात. माझ्या मूत्रपिंडातली गाळणी घशाच्या त्या दुखण्यानं बिघडली होती. जे अडवायचं ते ती सोडून देत होती, आणि जे सोडायचं ते अडवून बसली होती.

"आप के पैर में पानी नहीं है मास्टरजी," ते म्हणाले, "नमक है. पानी तो उस का नौकर है."

मला हे इतकं पटलं, की त्याच दुपारी मी वॉर्डात वर्ग भरवला. ती दोन अंडी दाखवून मी शेजारच्या रोग्यांना पापुद्रा म्हणजे काय, तो कुणाला वाट देतो आणि कुणाला दारात उभं करतो, हे सांगितलं. एक म्हातारा तर म्हणाला, "मास्तर, तुमी डाक्टरपेक्षा बरं सांगून राहिले." मी खूश झालो. आणि त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा ते पाणी गिळलं.

*

घसा अजून पुरता बरा नव्हता म्हणून डॉक्टरांनी दिवसातून तीनदा मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या. गुळणी थुंकायची असते, तेव्हा ती पथ्यात कुणी धरली नव्हती. आमच्याकडे गुळणी म्हणजे दात घासण्यासारखी गोष्ट, तिला खाणं कोण म्हणेल? बायको चुलीवर पाणी तापवी, त्यात मुठीनं खडेमीठ विरघळवी आणि तांब्या माझ्या हातात देई. मी मागच्या नालीपाशी जाऊन गुळण्या करून येई.

त्या संध्याकाळी एक घोट चुकून गिळला गेला. चुकून, हे खरं आहे. पण तो घशाखाली उतरत असताना माझ्या साऱ्या अंगाला जे सुख झालं ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. मी नालीपाशी उभा राहून डोळे मिटले. मग तांब्याकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं.

दुसरा घोट चुकून नव्हता.

त्यानंतर रोज तीनदा. मी नालीपाशी जायचो, पहिल्या एक-दोन गुळण्या घशात मोठ्यानं खळखळवून थुंकायचो, म्हणजे पडवीत ऐकू जावं. उरलेला अर्धा तांब्या पाठ फिरवून हळूहळू पिऊन टाकायचो. कधी कधी ताटातला एक घास गालात धरून ठेवायचो आणि तो त्या पाण्याबरोबर चावायचो, म्हणजे जेवल्यासारखं वाटे. पस्तिशीचा माणूस, गावात ज्याला लोक उठून जागा देतात, तो दवाखान्याच्या नालीपाशी चोरून खारं पाणी पीत होता. देशात लोक मीठ हातात घेऊन उघड तुरुंगात जात होते, आणि माझी ही मर्दुमकी.

मला कळत नव्हतं म्हणावं तर वॉर्डात रोज दुपारी तो धडा मीच सांगत होतो. कळणं आणि वळणं यांच्यामध्येही कसलासा पापुद्रा असावा. माझ्यात तो फार जाड निघाला.

*

त्या आठवड्यात माझं वजन तीन शेर वाढलं. गिरणीतला माणूस थट्टेनं ओरडायचा, "मास्टर, आज फिर बढ गये!" आणि हमाल हसायचे. पुढच्या आठवड्यात आणखी दोन शेर. पोट नगाऱ्यासारखं तटतटलं, उताणं झोपलं की दम लागे.

डॉक्टर सकाळी आले ते गंभीर चेहऱ्यानं. खाटेभोवती आम्ही तिघं, आई, बायको आणि मी.

"वजन झूठ नहीं बोलता," ते म्हणाले. "नमक पेट में जा रहा है. ऐसा ही चला तो पानी छाती में भरेगा, फिर मेरे हाथ में कुछ नहीं." मग माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "मास्टरजी, आप अलग से कुछ खाते हैं?"

या एका क्षणाबद्दल मी हजारदा विचार केला आहे. तोंड उघडून "गुळण्यांचं पाणी" एवढेच दोन शब्द बोलायचे होते. पण शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, ज्याला मी धडा शिकवला होता, तो कान देऊन ऐकत होता. मी म्हणालो, "नाही. ताटात जे येतं तेवढंच खातो."

शब्दशः खोटं नव्हतं. मी खाल्लं नव्हतं, प्यायलो होतो. अशी मास्तरकी मी त्या घडीला मनात केली.

ताट कोण आणतं ते सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर बायकोकडे पाहून मवाळपणे म्हणाले, "माया में दे दिया होगा. मत दो बेटी, ये जहर है." डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले आणि आई उठली.

"माह्या पोराले मारून टाकाचं होतं का वो तुले?"

"मी नाई टाकलं जी," बायको म्हणाली. "देवाशप्पत, एक खडाबी नाई टाकला."

"मंग काय आभाळातून पडते मीठ? त्यानं ताट फेकलं म्हनून भेली असशीन. नाईतर विधवा व्हाचा सोस असन."

बायको माझ्याकडे वळली. "तुमी सांगा ना जी मायले. तुमाले त ठाऊक हाय, कसं अन्न देतो मी तुमाले."

मी भिंतीकडे तोंड केलं. बरं वाटत नाही असं काहीतरी पुटपुटलो. माझ्या आजारपणात अनेक वाईट घटका आल्या, मरणाची भीती वाटलेल्या रात्री आल्या. पण सगळ्यांत हलका, सगळ्यांत क्षुद्र मी त्या भिंतीकडे पाहताना होतो.

*

आईनं सुनेच्या माहेरी, देवरीकडे निरोप धाडला. चौथ्या दिवशी बायकोचा थोरला भाऊ आला. दहा कोस जंगलातून बैलगाडी हाकत आमगावपर्यंत, तिथून रेल्वे. आईनं त्याच्यासमोर सगळं परत सांगितलं, चारचौघांत, आवाज चढवून. तो फार बोलणारा माणूस नव्हता. बहिणीला म्हणाला, "चाल बाई, घरी चाल. कायले आयकून राहिली?"

ती निघाली तेव्हा माझ्या पाया पडली. मी "सांभाळून जा" म्हणालो. जायच्या आधी तिनं त्या दिवसाचं गुळण्यांचं पाणी तापवून तांब्यात काढून ठेवलं होतं.

ते पाणी मी नालीत ओतलं, सगळं. मला पश्चात्ताप झाला असं समजू नका. आता स्वयंपाक आई करणार होती. तरीही वजन वाढलं असतं तर सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले असते. निव्वळ त्या भीतीनं मी खारं पाणी सोडलं.

आणि मी बरा होऊ लागलो. आठ-दहा दिवसांत लघवी भरपूर होऊ लागली, रात्री चार-चार वेळा उठावं लागे. गिरणीतला काटा रोज खाली यायला लागला. पापण्या उघडल्या. पायाच्या घोट्यांची हाडं दिसली तेव्हा आईनं ती कुरवाळली. डॉक्टर समाधानानं मान हलवायचे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पाहा, ते गेली अन् पोरगं सुदरलं." माझ्या अंगातून उतरणारा प्रत्येक शेर बायकोविरुद्ध साक्ष देत होता, आणि मी रोज सकाळी ती साक्ष द्यायला पायी चालत जात होतो.

*

दिवाळीला मी घरी आलो. डॉक्टरांनी शेवटच्या दिवशी ती नळी दिव्यावर धरली तेव्हा लघवी स्वच्छ राहिली. "अब थोडा थोडा नमक चलेगा," म्हणाले. पहिल्या दिवशी आईनं चिमूटभर मीठ घालून अंबाडीची भाजी केली. मी तीनदा मागून घेतली.

मेव्हण्याचं एक कार्ड आलं होतं, प्रकृती कशी आहे म्हणून. मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? बरा झालो असं लिहिलं, तर केव्हापासून, हे लिहावं लागणार. धान कापणी झाली, मळणी झाली. आई दुसऱ्या लग्नाचं बोलायला लागली. तिरोड्याकडचं एक स्थळ तिनं पाहूनही ठेवलं. मुलीचा बाप एका रविवारी घरी येऊन गेला आणि जाताना म्हणाला, "माही पोरगी पथ्यपानी चांगलं सांभाळते, मास्तर."

त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण माझ्या बायकोचं नाव आता तिरोड्यापर्यंत पोचलं होतं, नवऱ्याला मीठ घालणारी म्हणून. माघ लागला होता. दुसऱ्या दिवशी मी शाळेला सुटी टाकली आणि देवरीची वाट धरली.

*

मी पोचलो तेव्हा ती अंगणात धान पाखडत होती. आधी मी तिला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, हाताच्या शिरा वर आलेल्या. मला उभा पाहून तिनं सूप खाली ठेवलं, माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "सूज गेली," म्हणाली. आणि मटकन खाली बसली.

तिची वहिनी धावत बाहेर आली, तिला पाणी पाजलं आणि मग माझ्यावर उसळली. नात्यानं मी जावई, पण तिनं मुलाहिजा ठेवला नाही.

"बरे झाले त एक कारड टाकता येत नोतं का जी तुमाले? पाच महिने झाले, आमची बाई अलनी खाऊन राहिली. तुमची सूज उतरली असं कानी पडल्याबिगर मीठ तोंडाले लावनार नाई म्हनते. दोनदा चक्कर येऊन वावरात पडली."

मला हे ठाऊक नव्हतं. दवाखान्यात ती आमच्यामागून जेवायची, काय जेवते ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी नालीपाशी खारं पाणी पीत होतो तेव्हा ती पडवीत माझ्यासाठी अळणी खात होती. मी भाजी तीनदा मागून घेतली तेव्हाही.

मी तिथंच अंगणात सगळं सांगितलं. तांब्या, नाली, खोटी खळखळ, भिंतीकडे केलेलं तोंड. मेव्हणा खांबाला टेकून ऐकत होता. मी रडत होतो. त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

तिनं जमिनीवर सांडलेले दाणे वेचून सुपात टाकले. मग म्हणाली, "म्हंजे मीठ माह्याच हातचं होतं."

"नाही," मी म्हणालो. "तू गुळणीला दिलं. प्यायलो मी."

"मायले सांगसान?"

"सांगेन."

"चार मानसांत बोलली होती माय. चार मानसांत सांगा."

*

मी सांगितलं. तिला सोबत घेऊन आलो आणि आमच्या दारात, शेजारपाजार जमलेला असताना, आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, लोक थुंकतील. आई कपाळ बडवून घेईल. त्याची मी तयारी केली होती.

आई शांतपणे म्हणाली, "हे तिनं शिकवून आनलं तुले."

मी शपथ घेतली. पाटील माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, मन मोठं लागते याले. बायकोचा दोष आपल्या अंगावर घेनं सोपं नाई." बायाबापड्या माना डोलावत घरी गेल्या. माझ्या कबुलीनं माझीच किंमत वाढली! पुढं कित्येक दिवस पारावर माझं नाव निघे ते हेच सांगायला, की नवरा असावा तर असा. मी चिडून परत परत सांगे, आणि जितकं सांगे तितका लोकांच्या लेखी थोर होई. आई सहा वर्षांनी वारली. अखेरपर्यंत तिनं सुनेच्या हातचं जेवताना पहिला घास चाखून पाहिला.

ज्यांना हा आजार झाला आहे त्यांना म्हणून एवढंच सांगतो. जीभ मागेल, तेव्हा चोरून द्याल. माणूस आहात, द्याल. पण द्याल त्याच दिवशी बोलून टाका. एक दिवस उलटला की ते खोटं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात जाऊन भरतं, आणि मग तुम्ही कितीही ओढलं तरी बाहेर निघत नाही.

इथवर लिहून झाल्यावर मी हे तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. आता आम्हाला दोन मुली आहेत, त्या पलीकडे खेळत होत्या. ती तांदूळ निवडत ऐकत होती. ताट फेकल्याचं आलं तेव्हा हात थांबले, मग परत चालू झाले. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं?

"सारं बराबर हाय," ती म्हणाली. "पन याच्यात माह्यं नाव कोठी हाय? सारीकडे बायको, बायको. तुमाले थोर म्हननाऱ्या लोकायनं हे वाचलं त म्हनतीन, असन कोनाची तरी बायको. माय त माह्यं नाव घेऊन बोलली होती."

नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नसतं, असं मानणारा मी. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते कधी उच्चारलं नव्हतं. लेखणी शाईत बुडवायला मला त्या दिवशी वेळ लागला, त्याचीही लाज वाटते.

तिचं नाव सुभद्रा. माहेर देवरीकडचं. सुभद्रानं माझ्या अन्नात मीठ घातलं नव्हतं.